स्ट्रोकनंतरची फिट: 33 टक्के, 71.5 टक्के आणि खोडदचे गणित

स्ट्रोकनंतर सात दिवसांच्या आत पहिली फिट आली, तर पुढच्या दहा वर्षांत आपसूक फिट येण्याची शक्यता 33 टक्के. पहिली फिट सात दिवस उलटल्यावर आली, तर 71.5 टक्के. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासाचे हे आकडे आहेत. एकाच फिटवरून एपिलेप्सी ठरवण्याची सीमा 60 टक्के आहे, त्यामुळे एपिलेप्सीचे निदान दुसऱ्या गटाला लगेच लागू होते, पहिल्याला नाही.

फिट येण्याआधीच धोका ओळखण्यासाठी 2018 पासून ‘सिलेक्ट’ गुणांकन आहे. त्यात पाच बाबी आणि नऊ गुण. शून्य गुण असतील तर वर्षभरात उशिराची फिट येण्याचा धोका 0.7 टक्के, नऊ असतील तर 63 टक्के. सर्वाधिक, म्हणजे तीन गुण सुरुवातीच्या फिटला आहेत. रक्त-मेंदू अडथळ्याच्या गळतीला एकही नाही.

ही उणीव खटकते, कारण प्राण्यांवरचे प्रयोग गळतीकडेच बोट दाखवतात. अडथळा साधारण 500 डाल्टनपेक्षा मोठे रेणू अडवतो. रक्तातले अल्ब्युमिन 66 हजारांच्या आसपास. अडथळा फाटला की ते मेंदूत शिरते, तिथल्या आधारपेशी ते शोषतात आणि चेतापेशी अतिउत्तेजित होतात. एमआरआयमध्ये गळती शोधायला गॅडोलिनियमचे कॉन्ट्रास्ट देतात. तेही 500 च्या वरचे, म्हणून जिथे ते झिरपते तिथे अडथळा सैल आहे.

मग गळतीचा आकडा गुणांकनात का नाही? उत्तराचा एक भाग जुन्नर तालुक्यातल्या खोडदला दिसतो. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत, पसारा 25 किलोमीटरचा. 25 किलोमीटर व्यासाच्या एकाच तबकडीशी तुलना केली, तर या सगळ्यांचे क्षेत्रफळ 0.01 टक्के भरते. तरी चित्र तयार होते, कारण 30 अँटेनांच्या 435 जोड्या फूरिए गणिताचे नमुने गोळा करतात आणि पृथ्वी फिरते तसे ते वाढत जातात. एमआरआयचे चित्रही फूरिए नमुन्यांतूनच उभे राहते. दुर्बिणीचे शिल्पकार गोविंद स्वरूप यांनी स्टॅनफर्डला रोनाल्ड ब्रेसवेल यांच्या हाताखाली 1961 मध्ये पीएचडी केली. ब्रेसवेल यांनी 1956 मध्ये रेडिओ खगोलशास्त्रासाठी मांडलेले गणित पुढे सीटी स्कॅनच्या कामी आले. आणखी एक जुळणी: 3 टेस्लाच्या एमआरआयमध्ये पाण्यातल्या हायड्रोजनचा संकेत सुमारे 128 मेगाहर्ट्झवर येतो. सुधारित जीएमआरटीचा एक पट्टा 120 ते 250 मेगाहर्ट्झचा आहे.

दुर्बीण आणि एमआरआय यांच्यातला फरक वेळेचा आहे. खोडदला एका स्रोतावर रात्रभर नजर ठेवता येते. गळती मोजताना रुग्ण साधारण पंधरा-वीस मिनिटे स्थिर पडून असतो आणि तेवढ्यात तोच भाग काही सेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा टिपावा लागतो. बारकावा वाढवला की फेऱ्या कमी होतात, फेऱ्या वाढवल्या की बारकावा जातो. स्ट्रोकच्या कडेची गळती मुळात इतकी अल्प की नॉइजपासून ती वेगळी काढणे अवघड. त्यामुळे एका केंद्राचा आकडा दुसऱ्याशी जुळवणे कठीण जाते, आणि पाच बाबींच्या यादीत सहावी अजून बसलेली नाही.