मोडलेल्या बँडांची पुण्याई

पाचगणी म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना टेबललँड, स्ट्रॉबेरी आणि पसरणीच्या घाटात गाडी लागून झालेली दैना आठवते. त्याच पाचगणीतल्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी मिळून एक बँड काढला होता. नाव 'द हेक्टिक्स'. एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ही मुले शाळेच्या कार्यक्रमांत वाजवत. गाणारा मुलगा वेगळाच होता. मागे पियानोवर बसणाऱ्या, पुढचे दात जरा मोठे असलेल्या मुलाचे नाव फरोख बलसारा. पुढे तो फ्रेडी मर्क्युरी झाला आणि त्याचा 'क्वीन' हा बँड जगभर गाजला.

आज हे सांगण्याचे कारण असे. आपल्या मंडळातल्या चार मुलांनी आणि एका मुलीने मिळून रॉक बँड काढला आहे, हे बहुतेकांच्या कानावर (काहींच्या कानात!) आलेच असेल. रविवारी मराठी शाळा सुटल्यावर दोन तास हॉल सरावासाठी मिळावा, असा रीतसर अर्ज त्यांनी कार्यकारिणीकडे केला आहे. वार्षिक सभेत त्यावर निर्णय घ्यायचा आहे. अर्ज आल्यापासून आम्हाला फोनवर दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जात आहेत. एक : मराठी संस्कृतीसाठी काढलेल्या मंडळात हा धिंगाणा कशाला? दुसरा : जीसीएसई आणि ए-लेव्हलच्या ऐन वर्षांत मुलांना या नादाला लावायचे का? दोन्ही प्रश्न काळजीपोटी आलेले आहेत, तेव्हा ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. आम्ही पडलो रसायनशास्त्रवाले. संगीतातले आम्हाला फार कळते असा दावा नाही. पण एखादी गोष्ट कशी तयार झाली हे पायरी-पायरीने तपासण्याची सवय आहे. तेव्हा आपल्या शेजारच्याच एका बँडाची जडणघडण तपासून पाहू.

जादा फीची गोष्ट

फरोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारचा. वडील बोमी तिथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर होते. घर पारशी, भाविक. १९५५ साली आठ वर्षांच्या या मुलाला बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीला शिकायला पाठवले. मुलाच्या बोटांत संगीत आहे हे शाळेच्या मुख्याध्यापकांच्या लक्षात आले. थोडी जादा फी भरल्यास त्याला पियानो नीट शिकवता येईल, असे त्यांनी घरी कळवले. आईवडिलांनी ती फी भरली. मुलाने चौथ्या ग्रेडपर्यंतच्या परीक्षा दिल्या. पुढच्या सगळ्या वैभवाचे बी म्हणजे ते एक पत्र आणि ती जादा फी.

शाळा सुटली तसा हेक्टिक्सही संपला. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब होते-नव्हते ते मागे टाकून इंग्लंडला आले. राहिले फेल्टमला. हीथ्रोला पाहुण्यांना आणायला जाताना आपण या गावाच्या अंगावरूनच जातो. ग्लॅडस्टन ॲव्हेन्यूवरच्या त्यांच्या घरावर २०१६ पासून इंग्लिश हेरिटेजची निळी पाटी आहे. वडिलांना हिशेबनिसाचे काम मिळाले, आई जेर दुकानात कामाला लागल्या. नव्या देशात पहिली काही वर्षे कशी जातात हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मुलाने मात्र चित्रकलेची वाट धरली आणि १९६६ मध्ये ईलिंगच्या आर्ट कॉलेजात नाव घातले.

चौकटीच्या लाकडाची गिटार

बलसारांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर ब्रायन मे नावाचा मुलगा राहत होता. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता. ब्रायनला इलेक्ट्रिक गिटार हवी होती, आणि दुकानातली घेण्याची घरची ऐपत नव्हती. वडील हॅरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार. १९६३ मध्ये बापलेकांनी घरीच गिटार करायला घेतली. मानेसाठी लाकूड मिळाले ते एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे. त्यातली किड्यांची भोके काडीपेटीच्या काड्यांनी बुजवली. पट्टीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे घासून बसवली. सूर हेलकावण्याच्या यंत्रणेत जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा गेल्या आणि तिच्या दांडीच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा. हे काम सुमारे दोन वर्षे चालले. क्वीनच्या जवळजवळ सगळ्या ध्वनिमुद्रणांत हीच गिटार आहे.

ब्रायनने शाळकरी मित्रांबरोबर १९६४ मध्ये बँड काढला. ऑर्वेलच्या कादंबरीवरून त्याचे नाव ठेवले 'नाइन्टीन एटी-फोर'. १९६५ मध्ये तो इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकायला गेला, आणि १९६८ च्या सुरुवातीला अभ्यासासाठी बँड सोडला. म्हणजे परीक्षा आणि बँड यांची ओढाताण ही काही आपल्याच घरातली नवलाई नव्हे.

नोटीस बोर्ड

पदवी हाती आल्यावर ब्रायन आणि त्याचा जुना साथीदार टिम स्टॅफेल यांनी पुन्हा जमवाजमव केली. ड्रम वाजवणारा हवा म्हणून इम्पीरियलच्या नोटीस बोर्डावर चिठ्ठी लावली. ती वाचून मित्राने ज्याला कळवले तो रॉजर टेलर. कॉर्नवॉलमधल्या ट्रूरो गावचा, लंडनला दंतवैद्यकी शिकायला आलेला. गावाकडे त्याचा 'द रिॲक्शन' नावाचा बँड होता. तिघांचा 'स्माइल' उभा राहिला आणि २६ ऑक्टोबर १९६८ रोजी इम्पीरियलमध्ये पिंक फ्लॉइडच्या आधी त्यांनी वाजवले. १९६९ मध्ये त्यांची एक तबकडीही निघाली, फक्त अमेरिकेत, आणि ती खपली नाही.

टिम ईलिंगच्या आर्ट कॉलेजात होता. त्याच्या ओळखीने फ्रेडी स्माइलच्या सरावाला येऊन बसू लागला. बसता बसता सूचना करू लागला : असे उभे राहा, असे कपडे घाला. आपल्याला गायचे आहे हे त्याचे केव्हाच ठरले होते, पण या बँडात जागा नव्हती. मग १९६९ मध्ये तो लिव्हरपूलच्या 'आयबेक्स' मध्ये गेला. त्याचेच नाव बदलून 'रेकेज' केले, म्हणजे भग्नावशेष. आणि नावाप्रमाणे तो मोडलाही. त्यानंतर 'सावर मिल्क सी', म्हणजे नासलेल्या दुधाचा समुद्र. तोही काही आठवड्यांत आटला. पोटासाठी तो आणि रॉजर केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा गाळा चालवत होते.

१९७० मध्ये टिम बाहेर पडला आणि स्माइल मोडला. तेव्हा कुठे फ्रेडीला जागा मिळाली. पहिला कार्यक्रम २७ जून १९७० रोजी ट्रूरोच्या सिटी हॉलमध्ये झाला. तो ठरवला होता रॉजरच्या आईने, रेड क्रॉसच्या मदतीसाठी, आणि जाहिरातीत नाव होते जुनेच, 'स्माइल'. पुढच्याच महिन्यात ते 'क्वीन' या नावाने वाजवू लागले. बँडाचे चिन्हही फ्रेडीने स्वतः काढले, चौघांच्या राशी घेऊन. ग्राफिक डिझाइनचा अभ्यास असा उपयोगी पडला.

चौथा माणूस

एक जागा मात्र भरत नव्हती : बास गिटारची. ऐकणाऱ्याचे या वाद्याकडे लक्ष नसते, पण ते नसले तर सगळे पोकळ वाटते. डाळीतल्या मिठासारखे. वर्षभरात तीन जण आले आणि गेले. १९७१ च्या सुरुवातीला जॉन डीकन आला. वय १९, चेल्सी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी, मितभाषी. लेस्टरजवळच्या गावी 'द ऑपोझिशन' नावाच्या बँडात चौदाव्या वर्षापासून वाजवलेले. त्याने कचऱ्याच्या पेटीत सापडलेल्या इलेक्ट्रॉनिक पट्टीतून एक छोटा ॲम्प्लिफायर तयार केला. ब्रायनच्या घरगुती गिटारला तो असा काही जुळला की क्वीनच्या तबकड्यांवर जिथे एकट्या गिटारीतून वाद्यवृंदाचा भास होतो, तिथे बऱ्याचदा हे ओबडधोबड खोके असते.

आमच्या शास्त्रात मिश्रण वेगळे आणि संयुग वेगळे. चार पदार्थ एका भांड्यात घातले म्हणजे मिश्रण होते. संयुग व्हायचे तर प्रमाण जुळावे लागते आणि पुरेशी आच मिळावी लागते. हे चौघे जमल्यावरही दोन वर्षे कॉलेजांतून, छोट्या हॉलांतून वाजवत राहिले. वेम्बलीत नवा स्टुडिओ बांधला जात होता. तिथली यंत्रे तपासायला कोणीतरी मोठ्या आवाजात वाजवणारे हवे होते. यांनी ते काम केले आणि मोबदल्यात पाच गाणी फुकट ध्वनिमुद्रित करून घेतली. पहिला अल्बम जुलै १९७३ मध्ये निघाला. पहिली तबकडी क्रमवारीत आलीच नाही. १९७४ मध्ये एक गाणे पहिल्या दहात गेले, आणि १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ने सलग नऊ आठवडे पहिला क्रमांक सोडला नाही. पाचगणीपासून मोजले तर सतरा वर्षे झाली होती.

हिशेब मांडू या

आता दुसरा प्रश्न, अभ्यासाचा. फ्रेडीने १९६९ मध्ये डिप्लोमा पुरा केला. डीकनने १९७१ मध्ये पहिल्या वर्गात पदवी घेतली. रॉजरने दंतवैद्यकी सोडली, पण जीवशास्त्राची पदवी मिळवली. ब्रायन सूर्यमालेतल्या धुळीच्या गतीवर पीएच. डी. करत होता, त्याच्या कामावर 'नेचर' मध्ये १९७२ साली लेखही आला. प्रबंध जवळजवळ तयार असताना १९७४ मध्ये त्याने तो बाजूला ठेवला. ज्या वडिलांनी गिटार करून दिली, त्यांनाच हे अजिबात पटले नाही आणि बापलेकांत बरेच दिवस अबोला राहिला. पुढे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये मुलाचा कार्यक्रम पाहिल्यावर हॅरॉल्ड यांचा राग गेला. ब्रायनने तो प्रबंध २००७ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, इम्पीरियललाच पुरा केला. ज्यांनी प्रबंध लिहिण्याचे हाल सोसले आहेत त्यांना, ३३ वर्षांनी तेच कागद पुन्हा उघडणे म्हणजे काय, हे कळेल.

यावरून आपलीही मुले क्वीन होतील असे आम्ही म्हणत नाही. उलट, ही यादी पाहा : हेक्टिक्स, नाइन्टीन एटी-फोर, रिॲक्शन, ऑपोझिशन, स्माइल, आयबेक्स म्हणजेच रेकेज, सावर मिल्क सी. एका क्वीनच्या पोटात किमान सात मोडलेले बँड आहेत. आपल्या मुलांचा बँडही बहुधा मोडेल. कोणी युनिव्हर्सिटीसाठी मँचेस्टरला जाईल, कोणाचे बिनसेल. तेव्हा "आम्ही म्हणत नव्हतो?" असे त्यांना कोणी म्हणू नये, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच. ठरलेल्या वेळी येणे, दुसऱ्याचे ऐकून आपला आवाज कमी करणे, एकच चार ओळींचा तुकडा चाळीस वेळा वाजवणे, भांडण झाल्यावरही पुढच्या रविवारी पुन्हा जमणे, ही पुण्याई बँड मोडल्यावरही शिल्लक राहते. सात मोडलेल्या बँडांत या चौघांनी तीच साठवली.

राहिला पहिला प्रश्न, संस्कृतीचा. आपल्या नाट्यसंगीताची पेटी युरोपातून आली. वरातीतले क्लॅरिनेटही तिकडचेच. आपण ते वाजवून वाजवून आपले केले. आपली मुले या देशात वाढत आहेत; त्यांच्या कानावर जे पडते तेच ती वाजवणार. प्रश्न इतकाच की ती आपल्या हॉलमध्ये वाजवणार, की आपल्याला ठाऊक नसलेल्या कुठल्या तरी गॅरेजमध्ये. हॉलमध्ये असली तर मराठी शाळेतून थेट सरावाला जातील, एकमेकांत निम्मे मराठी बोलतील आणि भूक लागली की उरलेले पोहे संपवतील.

आमची सूचना अशी : दर रविवारी दोन ते चार हॉल द्यावा. मे-जून हे परीक्षांचे महिने सराव बंद. आवाजाची मर्यादा हॉलच्या व्यवस्थापकांनी ठरवावी आणि ड्रम वाजवणाऱ्याने कानांत बोळे घालावेत. एक पालक आळीपाळीने हजर राहील. पहिले दोन रविवार आमच्याकडे. गणेशोत्सवात त्यांना दहा मिनिटे द्यावीत आणि काय वाजवायचे ते त्यांचे त्यांना ठरवू द्यावे.

सभेला अवश्य या आणि विरोधात मत असेल तर तेही मोकळेपणाने मांडा. आणि हो, कोणाच्या माळ्यावर चालू स्थितीतला जुना ॲम्प्लिफायर पडून असेल तर सेक्रेटरींना कळवा. बंद पडलेला असला तरी चालेल. मुलांपैकी एकीला तो उघडून पाहायचा आहे.