काथ्याची बैठक ते टू बाय टू

एसटीच्या ताफ्यात शिवनेरी आहे, शिवशाही आहे, हिरकणी आहे आणि आता विजेवर धावणारी शिवाईही आहे. नवी गाडी आली की या मंडळींचे फोटो छापून येतात, नारळ फुटतो, हिरवा झेंडा दाखवला जातो. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला ‘यष्टी आली का?’ असं विचारायचं असतं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर यांतली एकही नसते. त्याच्या मनात असते ती लाल, साधी, हात केल्यावर थांबणारी गाडी. चंदगडच्या टोकाला, राधानगरीच्या पलीकडे, गगनबावड्याच्या धुक्यात हीच पोचते. एसटीचं हे बेस मॉडेल. सगळ्यांत कमी भाड्याची गाडी कशी होती, कशी झाली आणि तिच्यात बसणाऱ्याला आज काय मिळतं, हे नीट बघण्यासारखं आहे, कारण महामंडळाची खरी परीक्षा याच गाडीत होते.

१ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली. त्या दिवशी कोल्हापूर अजून संस्थान होतं. मुंबई राज्यात ते विलीन झालं १ मार्च १९४९ला. म्हणजे सरकारी एसटी आपल्याकडे आली ती विलीनीकरणानंतर. पहिल्या गाड्या बेडफर्डच्या, तीस आसनांच्या. सांगाडा लाकडी आणि बैठका काथ्याच्या. काथ्याची बैठक नवी असते तोवर टणक असते आणि जुनी झाली की मधे दबते. त्या काळच्या रस्त्यांवर प्रत्येक खड्डा मणक्याला कळत असणार. तरीही लोकांनी तिचं स्वागत केलं, कारण ती ठरल्या वेळेला सुटायची आणि प्रवासी भरले नाहीत म्हणून थांबून राहायची नाही. साध्या गाडीची पहिली सोय ही होती. गादी वगैरे पुढची गोष्ट.

सुरुवातीच्या त्या ताफ्यात बेडफर्डच्या जोडीला शेवरोले, स्टुडबेकर, सेडन, अल्बियन, कॉमर, लेलँड अशा नाना कंपन्यांच्या गाड्या होत्या. त्याच वेळी, म्हणजे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला, मॉरिस कमर्शियलच्या चासीवर दोन आरामगाड्या बांधल्या गेल्या. नावं ‘नीलकमल’ आणि ‘गिरियारोहिणी’. पुणे-महाबळेश्वर मार्गावर त्या धावायच्या. त्यांत दोन-दोन आसनांच्या रांगा होत्या, खिडक्यांना पडदे होते, हिरवट काचा होत्या आणि भिंतीवर घड्याळ होतं. मला या दोन गाड्या फार महत्त्वाच्या वाटतात. हवा खायला जाणाऱ्याला पन्नासच्या दशकात मिळालेलं ते दोन-दोनचं आसन बाजाराला जाणाऱ्याला मिळायला जवळजवळ अर्धं शतक लागलं. एसटीत सोयी वरच्या गाडीत आधी येतात आणि मग पायरी पायरीने साध्या गाडीत उतरतात. उतरायला किती वर्षं लागतात, हाच काय तो प्रश्न.

मधल्या काळात साध्या गाडीचं अंग बदललं. लाकूड गेलं, पोलाद आलं. पोलादाला गंज चढायचा, किनारपट्टीवर तर फारच. म्हणून १९६०च्या सुमारास ॲल्युमिनियमची बॉडी आली आणि त्याच वेळी निळा-चंदेरी रंग जाऊन आजचा लाल रंग आला. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या महामंडळाच्या कार्यशाळांत चासीवर या बॉड्या चढायच्या. ॲल्युमिनियम हलकं आणि न गंजणारं, पण अपघातात पत्रा कागदासारखा चुरगळायचा. त्यामुळे अलीकडच्या काळात महामंडळ पुन्हा पोलादाकडे, आतल्या माणसांच्या भाषेत ‘एमएस बॉडी’कडे वळलं. घाटात गाडी कलंडली तर आतली जागा शाबूत राहणं ही गोष्ट सुखसोयींच्या यादीत लिहिली जात नाही, पण माझ्या मते पहिल्या क्रमांकावर तीच यायला हवी. कोल्हापूरहून कोकणात उतरायचं तर आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली असे सगळे घाटच आहेत.

आसनांची गोष्ट जरा तपशिलात सांगायला हवी. तीस आसनांची गाडी पंचेचाळीसची झाली, मग चोपन्नची. प्रवासी वाढत होते, गाड्या कमी होत्या, तेव्हा एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला दोन अशी मांडणी झाली. तीनच्या बाकावर कडेला बसलेल्याचा अर्धा देह मधल्या वाटेत असायचा. त्याचा एक पाय जमिनीला रोवलेला, एक हात पुढच्या बाकाच्या दांडीवर आणि वळण आलं की सगळं अंग त्या हातावर. मधल्याचे खांदे दोन्हीकडून आवळलेले. खिडकीशेजारचा सुखी, पण पावसाळ्यात तोच सगळ्यांत आधी भिजायचा. मांडीवर पोर आणि पायांत पिशवी घेऊन कोल्हापूर ते गगनबावडा हे पंचावन्न किलोमीटर एखादी बाई कसे काढायची, हे त्या बाकावर बसल्याशिवाय कळत नाही. बाकावर रेक्झिन आलं, आत फोम आला, पण रुंदी वाढली नाही.

१९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वेळी एसटीत निमआराम गाडी आली. लोकांनी तिला ‘एशियाड’च म्हटलं, पुढे तिला हिरकणी हे नाव मिळालं. दोन-दोनची आसनं, पाठीला उंच टेकण, थांबे कमी. पुण्याला जायचं तर एशियाड आणि गारगोटीला जायचं तर लाल गाडी, अशी विभागणी घराघरात झाली. तिकिटात फार मोठा फरक नव्हता, पण प्रतिष्ठेत होता. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ‘परिवर्तन’ नावाच्या गाड्या निघाल्या आणि साध्या भाड्यात दोन-दोनची आसनं मिळू लागली. लाल गाडीच्या इतिहासात याहून मोठा बदल झालेला नाही. तिसरा माणूस बाकावरून गेला आणि प्रत्येकाला स्वतःची जागा मिळाली.

ड्रायव्हरच्या बाजूने पाहिलं तर फरक आणखी ठळक दिसतो. जुन्या गाडीचं स्टिअरिंग वळवताना ड्रायव्हर आसनावरून अर्धा उठायचा. गिअर टाकताना क्लच दोनदा दाबावा लागे, नाहीतर गिअरबॉक्स करकरायचा. इंजिन त्याच्या डाव्या हाताला, बॉनेटखाली. उन्हाळ्यात ती ऊब पोटरीपर्यंत यायची. पॉवर स्टिअरिंग आणि एअर ब्रेक आले आणि घाटातली निम्मी मेहनत वाचली. आता नव्या गाड्या बीएस-सिक्स या प्रदूषण-मानकाच्या आहेत. २०२४मध्ये महामंडळाने अशोक लेलँडकडे २,१०४ ‘वायकिंग’ गाड्यांची मागणी नोंदवली. १९७ अश्वशक्तीचं सहा सिलिंडरचं इंजिन, आणि बॉडी बांधून तयार गाडीच कंपनीकडून येणार. डिझेलच्या टाकीशेजारी युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते, त्याने धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड घटतात; काजळी गाळणीत अडकते, त्यामुळे मागे सुटणारा काळा धूर जवळजवळ नाहीसा झालाय. स्टँडवर गाड्यांच्या मागे उभं राहणाऱ्या फेरीवाल्याला आणि शाळकरी पोरांना हा फायदा आधी मिळतो.

कंडक्टरच्या हाताशी काय होतं? ॲल्युमिनियमची पेटी, तीत रंगीत तिकिटांचे गठ्ठे, चिमटा आणि खांद्याला चामड्याची पिशवी. गाडी सुटायच्या आत सगळ्या गर्दीत फिरून तिकिटं फाडायची, पंच करायची, हिशेब जुळवायचा. सुट्ट्या पैशांवरून रोज वाद. मग इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं आणि आता क्यूआर कोडही आला. ‘मास्तर, कळ्यात थांबवा’ म्हणणारी म्हातारी अजून रोखच देते, पण तिच्यामागचा कॉलेजचा मुलगा मोबाईल पुढे करतो. घंटीची दोरी मात्र टिकली आहे. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चला. ही ‘डबल बेल’ ऐकूनच अनेकांची लहानपणीची सुट्टी सुरू झालेली असते.

नव्या गाडीत सगळं वाढलंच, असं मात्र नाही. काही गोष्टी गेल्या आणि त्यांची उणीव गावाला जाणवते. जुन्या गाडीच्या मागे शिडी असायची आणि टपावर कठडा. बाजाराच्या दिवशी टपावर भाजीच्या पाट्या, कोंबड्यांचे खुराडे, सायकल, पेरणीआधी बियाण्याची पोती, लग्नसराईत ट्रंका आणि भांडी चढायची. कोकणातून वर येणाऱ्या गाडीच्या टपावर आंब्याच्या पेट्या असत. टप गेला आणि डिकी आली. डिकीत सामान कोरडं राहतं, चोरीची भीती कमी, हे खरं. पण शेतकऱ्याची पाटी आणि पोतं तिथे मावत नाही. तो माणूस मग वडापच्या जीपकडे वळला. एसटीचा प्रवासी वडापने पळवला असं आपण म्हणतो. त्यातला काही आपण टपावरून खाली उतरवला, हेही म्हणायला हवं.

दुसरी गोष्ट खिडकीची. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. अशा ठिकाणी साध्या गाडीची सोय म्हणजे काच पुरती बंद होणं आणि छत न गळणं. जुन्या गाडीच्या सरकत्या काचा खाचेत अडकायच्या; एकदा उघडली की बंद होत नसे आणि बंद झालेली उघडत नसे. काचेच्या फटीत कागदाची घडी कोंबून खडखड थांबवण्याची कला प्रत्येक नेहमीच्या प्रवाशाला येते. नव्या गाड्यांत रबराची पट्टी चांगली बसते. पण ती बदलायची असते, हे आगाराने लक्षात ठेवलं तरच तिचा उपयोग. नवी गाडी घेण्याइतकंच जुनी नीट राखणं मोठं काम आहे, आणि त्याची बातमी होत नाही.

साध्या गाडीची सगळ्यांत मोठी सोय कुठल्याही मॉडेलच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. ती म्हणजे मुक्काम गाडी. संध्याकाळी शहरातून सुटते, रात्री शेवटच्या गावाला पोचते, तिथेच थांबते आणि पहाटे गावाला घेऊन परत निघते. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच नाहीतर देवळात किंवा शाळेच्या ओसरीवर झोपतात; कुणाच्या तरी घरून भाकरी-कालवण येतं. पहाटेच्या या गाडीने शाळा-कॉलेजची मुलं येतात, सीपीआर दवाखान्यात दाखवायचे पेशंट येतात, तारखेला कोर्टात पोचायचे पक्षकार येतात. अहिल्याबाई होळकर योजनेतल्या मोफत पासावर शिकलेल्या मुलींची पिढीच्या पिढी या गाडीने घडवली. २०१९ आणि २०२१च्या महापुरात मांडुकलीजवळ पाणी रस्त्यावर आलं आणि गगनबावड्याचा मार्ग बंद झाला, तेव्हा गाडी नसणं म्हणजे काय, हे वरच्या गावांना पुन्हा कळलं.

आता प्रवासीही बदललाय. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीच्या वरच्यांना मोफत प्रवास आहे आणि मार्च २०२३पासून सगळ्या महिलांना तिकिटात निम्मी सवलत. साध्या गाडीत आज बायका आणि म्हाताऱ्या माणसांची संख्या डोळ्यांत भरते. मग गाडीची पहिली पायरी त्यांच्या गुडघ्याच्या उंचीला का असते? लुगडं सावरत, एका हातात पिशवी धरून, दुसऱ्या हाताने दांडी पकडून सत्तरीची बाई स्वतःला वर ओढते. खालून कुणीतरी आधार देतं, वरून कंडक्टर हात देतो. इंजिनाची अश्वशक्ती वाढली, दोन-दोनची आसनं आली, ठिकाण सांगणारं यंत्र बसलं, संकटात दाबायचं बटण आलं. ही पायरी वीतभर खाली आणणं त्या मानाने सोपं काम आहे. चोपन्न आसनांच्या काळात जे चाललं ते आता चालू नये.

कोल्हापूर विभागात बारा आगारं आहेत. नवी गाडी आली की ती आधी पुण्या-मुंबईच्या, नाहीतर हमरस्त्याच्या फेरीला लागते. धावून धावून थकली की तिची रवानगी गावाकडच्या फेरीला होते. खराब रस्ता, घाट आणि धो धो पाऊस यांच्या वाट्याला सगळ्यांत जुनी गाडी, हा हिशेब उलटा आहे. हमरस्त्यावरच्या प्रवाशाला खासगी गाड्यांचे दहा पर्याय असतात. मुक्काम गाडीच्या गावाला दुसरं काही नसतं. विभागातल्या अधिकाऱ्यांना एवढीच विनंती आहे: नव्या ताफ्यातल्या पहिल्या गाड्या गगनबावडा, राधानगरी, आजरा आणि चंदगड आगारांना द्या, आणि त्यातली निदान एकेक मुक्कामाला पाठवा.