ग्राही, संदेश आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेशीच्या पटलावर राहून बाहेरचा रासायनिक संदेश आत पोचवणाऱ्या प्रथिनांना ग्राही म्हणतात. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील काही औषधे या ग्राहींवरच रोखलेली असल्यामुळे रोगाचे सारे मूळ तेथेच आहे असे मानले जाते; प्रत्यक्षात गाठीची वाढ आणि औषधाचा उपयोग या दोन्ही गोष्टी ग्राहीच्या पुढच्या साखळीत काय बिघडले आहे यावर बऱ्याच अंशी ठरतात.

गैरसमज : ग्राही हा कर्करोगाच्या पेशीतच आढळणारा दोष आहे.
वस्तुस्थिती : आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते आणि त्यासाठी निरोगी पेशींनाही वाढीचा संदेश लागतो. वाढघटक इजीएफआर या ग्राहीला चिकटला की दोन ग्राही जोडीने येतात, एकमेकांवर फॉस्फेट बसवतात आणि संदेश रास, राफ, मेक व इर्क या प्रथिनांच्या क्रमाने पेशीकेंद्रकापर्यंत जातो. वाढघटकांच्या शोधासाठी स्टॅन्ली कोहेन आणि रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांना 1986 चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा ग्राही त्वचेतही असल्यामुळे त्याला अडवणाऱ्या औषधाने अंगावर मुरमांसारखे पुरळ उठते.

गैरसमज : ग्राही बिघडला की कर्करोग सुरू होतो.
वस्तुस्थिती : सुमारे 80 टक्के गाठींमध्ये एपीसी या जनुकात बिघाड असतो आणि बहुधा सुरुवातही त्यापासूनच होते. एपीसी प्रथिन बीटा-कॅटेनिनचा नाश घडवून आणते. ते निकामी झाले की बीटा-कॅटेनिन साठते आणि बाहेरून संदेश आलेला नसतानाही पेशीला विभाजनाचा आदेश मिळत राहतो. फिअरन आणि फोगेलस्टाइन यांनी 1990 मध्ये मांडलेल्या क्रमानुसार आतड्यातील साध्या मोडापासून (पॉलिपपासून) कर्करोगापर्यंतचा प्रवास अशा अनेक जनुकदोषांच्या साठण्यातून होतो, आणि त्याला सहसा अनेक वर्षे लागतात. काही गाठींमध्ये तर वाढ रोखणाऱ्या टीजीएफ-बीटाचा ग्राहीच निकामी झालेला असतो. म्हणजे तेथे ग्राही नसणे हेच वाढीचे कारण ठरते.

गैरसमज : गाठीवर इजीएफआर जितके जास्त, तितके त्यावरील औषध गुणकारी.
वस्तुस्थिती : इजीएफआरला अडवणाऱ्या सेटुक्सिमॅब या प्रतिपिंडाला अमेरिकेत 2004 मध्ये मान्यता मिळाली तेव्हा हीच अपेक्षा होती, परंतु ती खरी ठरली नाही. सुमारे 40 टक्के रुग्णांच्या गाठीत केआरएएस जनुक बदललेले असते आणि त्यामुळे रास प्रथिन कायम चालू राहते. आतल्या तारा एकमेकींना चिकटून वाजत राहिलेली बेल बाहेरचे बटण झाकल्याने थांबत नाही, तसाच हा प्रकार. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी हे स्पष्ट केले आणि पसरलेल्या आजारात हे औषध देण्यापूर्वी रास जनुकांची तपासणी करण्याची पद्धत रूढ झाली. रास निर्दोष असले, तरी आतड्याच्या उजव्या भागातील गाठींना सुरुवातीच्या उपचारात याचा लाभ डाव्या भागातील गाठींपेक्षा कमी होतो.

गैरसमज : जनुकदोष एकच असेल तर औषधही सर्व कर्करोगांत सारखेच चालते.
वस्तुस्थिती : बीआरएएफ या राफ गटातील प्रथिनामधील व्ही600ई हा बदल अडवणारे औषध मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात परिणामकारक ठरले, पण मोठ्या आतड्यात ते एकटे दिल्यास फारसा उपयोग झाला नाही. त्याचे कारण 2012 मध्ये उलगडले : बीआरएएफ अडवला की आतड्याच्या पेशीत इजीएफआर पुन्हा जोमाने सक्रिय होतो. म्हणून एन्कोराफेनिब आणि सेटुक्सिमॅब ही दोन्ही औषधे एकत्र देण्यात येऊ लागली आणि या जोडीला 2020 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

गैरसमज : अशा तपासणीसाठी रुग्णाने मुंबईलाच गेले पाहिजे.
वस्तुस्थिती : जनुकांची तपासणी बायोप्सीच्या किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेल्या आणि मेणाच्या ठोकळ्यात जपलेल्या ऊतकावर होते, त्यामुळे प्रवास रुग्णाऐवजी ठोकळा करू शकतो. उदाहरणार्थ, छत्तीसगडमधील कुम्हारीच्या रुग्णाला रायपूरच्या टाटीबंध येथील एम्स जवळ आहे. उपचार तेथे किंवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात, कोठेही व्हावयाचे असले, तरी पसरलेल्या आजारात रास, बीआरएएफ आणि जनुकदुरुस्तीतील दोष दाखवणारी एमएसआय तपासणी यांचे अहवाल हाती असल्याशिवाय ग्राहीवरील औषधाची निवड करणे योग्य ठरत नाही.