टेबलातून आरपार पडलेली गोळी

विंडोज एक्सपीतला ‘स्पेस कॅडेट’ पिनबॉल पुढे गेला कुठे, असं वाचक अजूनही विचारतात. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिक्षकांची पाठ वळताच तो उघडणारी अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी २०१२ साली त्याची हकिगत लिहिली. ६४-बिट विंडोजसाठी खेळ तयार करताना गोळी तिला उडवणाऱ्या दट्ट्यापाशी, म्हणजे प्लंजरपाशी यायची आणि प्लंजरमधूनच सावकाश खाली उतरत टेबलाबाहेर जायची. टक्कर ओळखणारं गणित बिघडलं होतं, आणि जुन्या प्रोग्रॅममध्ये ते नेमकं कुठे आहे हेच सापडेना. व्हिस्टात मग पिनबॉल आलाच नाही.

पडद्यावरची गोळी म्हणजे नुसते आकडे. सेकंदाला ३ मीटर वेगाने सुटलेली गोळी सेकंदातून ६० वेळा तपासली, तर दोन तपासण्यांच्या मध्ये ती ५ सेंटिमीटर पुढे सरकते. खऱ्या गोळीचा व्यास आहे सुमारे २.७ सेंटिमीटर. वाटेतलं रबर पातळ असेल, तर एका तपासणीत गोळी त्याच्या अलीकडे आणि दुसरीत पलीकडे! म्हणून चांगला प्रोग्रॅम ‘आत्ता टक्कर होतेय का’ हे बघत बसत नाही. पुढची टक्कर कधी होणार, ते आधीच काढतो. त्यासाठी वर्गसमीकरण सोडवावं लागतं. दहावीतलं गणित इथे धावती गोळी अडवतं, ही मला फार सुंदर गोष्ट वाटते.

पण गोळी आरपार न जाणं ही झाली किमान अपेक्षा. टेबलाचा कस लागतो तो गोळी घरंगळताना, आणि इथे फ्रेंच गणितज्ञ कोरिऑलिसची आठवण काढायलाच हवी. त्याचं नाव घेतलं की वारे आणि चक्रीवादळं आठवतात. फिरत्या चौकटीतल्या बलांवरचा तो गाजलेला निबंध १८३५ सालचा. त्याच वर्षी बिलियर्डच्या गणितावर त्याचं अख्खं पुस्तक निघालं, त्याचा मात्र उल्लेखही होत नाही. घसरणारी गोळी घरंगळू कशी लागते, गिरकीमुळे तिची वाट कशी वाकते, याचा हिशेब त्याने संगणकाच्या कितीतरी आधी मांडला होता.

पिनबॉलचं टेबल साधारण साडेसहा अंशांनी कललेलं असतं. त्यावरून एक मीटर उतरायला घर्षणाशिवाय नुसत्या घसरणाऱ्या गोळीला १.३ सेकंद लागतील, घरंगळणारीला १.६. कारण तिची दोन-सप्तमांश ऊर्जा गिरकीत जाते. गिरकीचा हिशेब टाळून, गुरुत्व थोडं कमी करून हा फरक झाकता येतो. रबरावर आदळताच मात्र ती लबाडी उघडी पडते. खरी गोळी सोबत आणलेल्या गिरकीमुळे आरशावरच्या किरणासारखी परतत नाही, तिचा कोन बदलतो.

त्यामुळे पिनबॉलच्या एखाद्या खेळाच्या जाहिरातीत ‘हुबेहूब भौतिकशास्त्र’ असं वाचलं की मी चकचकीत गोळीतली प्रतिबिंबं आणि दिव्यांचा लखलखाट बाजूला ठेवतो आणि थेट फ्लिपरकडे, म्हणजे गोळी परतवणाऱ्या दांडीकडे वळतो. फ्लिपर उचलून धरला, तर हळू येणारी गोळी त्याच्या खोबणीत विसावायला हवी. फ्लिपर अजिबात हलवला नाही, तर वरून आलेली गोळी त्यावर टप्पा घेऊन पलीकडच्या फ्लिपरवर जायला हवी. सर्वांत अवघड परीक्षा तिसरी: उचललेला फ्लिपर गोळी टेकण्याच्या ऐन क्षणी खाली सोडायचा. खऱ्या टेबलावर गोळीचा सगळा जोर तिथेच मरतो. ते पडद्यावर जमलं, तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फ्लिपर नुसता दाखवलेला नाही. त्याच्या वेगाचाही हिशेब ठेवला आहे.