यमाईच्या चढावर कळणारं बॅटरीचं दुखणं

खटाव तालुक्यातल्या औंधला यमाई देवीच्या डोंगरावर जाताना हायब्रिड गाडी दम टाकू लागली किंवा पुन्हा सुरूच होईना, की थेट मोठ्या बॅटरीवर संशय जातो. पण आधी बारा व्होल्टची साधी बॅटरी तपासा. गाडीच्या संगणकाला तीच जागं करते. ती उतरली असेल तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी निघायला तयार असल्याचा ‘रेडी’चा दिवा लागत नाही. गाडी काही तास बंद ठेवून मोजलेला दाब 12.6 व्होल्टच्या आसपास हवा. 12 च्या खाली असेल तर सुरू न होण्याचं दुखणं बहुधा इथेच.

मग मागच्या सीटजवळची मोठ्या बॅटरीची हवेची जाळी पाहा. खटावच्या उन्हाळ्यात ती धुळीनं, नाहीतर वर ठेवलेल्या पिशवीनं बुजते. बॅटरी तापते, पंखा घोंघावतो, संगणक ताकद कमी करतो. जाळी साफ केल्यावर मोठा खर्च टळलेला मी पाहिला आहे.

खरी परीक्षा मात्र स्कॅनर लावून चढावरच. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या प्रियसच्या मोठ्या बॅटरीत 7.2 व्होल्टचे 28 भाग एकामागोमाग जोडलेले असतात. चढावर कमजोर भागाचा दाब इतरांपेक्षा जास्त कोसळतो, उतारावर चार्जिंग होताना तोच सर्वांत आधी वर चढतो. उभ्या गाडीत हा फरक बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून फक्त बिघाडाचा कोड वाचून पूर्ण बॅटरी बदलायला सांगणाऱ्याकडे भागांच्या प्रत्येक गटाच्या दाबाचे आकडे मागा.

नारिंगी वायरींना मात्र हात लावू नका. तिथे दोनशे किंवा त्याहून जास्त व्होल्ट असू शकतात, आणि मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढल्यावरही प्रशिक्षित कारागीर निदान दहा मिनिटं थांबतो.