प्राणवायूलाही मात्रा असते

प्राणवायूवर आपण जगतो, मग तो थोडा जास्त घेतला तर बिघडले कुठे? हायपरबॅरिक ऑक्सिजन उपचाराबद्दलची बेफिकिरी याच समजातून येते. या उपचारात रुग्णाला बंद कक्षात ठेवून तिथला दाब वातावरणाच्या दोन ते तीन पट वाढवतात आणि शुद्ध ऑक्सिजन देतात. एरवी 100 मिलिलिटर रक्तात विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम 0.3 मिलिलिटर असतो. तिप्पट दाबाखाली तो सुमारे 6 मिलिलिटर होतो. म्हणजे वीसपट! शरीरात एवढा बदल घडवणारी गोष्ट औषधच मानायला हवी, आणि औषध म्हटले की मात्रा आली, अपायही आले.

सर्वाधिक त्रास होतो तो कानाला. दाब वाढताना मध्यकर्णातली हवा आकुंचन पावते, पडदा आत ओढला जातो आणि कान दुखतो. अनेक बैठकांनंतर काहींना दूरचे अंधूक दिसू लागते, ते बहुधा काही आठवड्यांत सुधारते. मधुमेहींची साखर उतरू शकते. फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल आणि तिच्यावर इलाज झालेला नसेल, तर मात्र हा उपचार जिवावर बेतू शकतो. जास्त दाबाच्या ऑक्सिजनने आकडी येते, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1878 मध्येच दाखवले होते. म्हणूनच उपचारात ठरावीक वेळाने काही मिनिटे साधी हवा देतात.

आकडी तर क्वचितच येते, मग एवढी धास्ती कशाला, असे कोणी विचारेल. ती क्वचित येते हे खरे. पण त्यामागे पूर्वतपासणी, मोजका दाब आणि प्रशिक्षित माणसांची कडक शिस्त असते. शिस्त सुटली की काय होते, हे 1997 मध्ये मिलानच्या रुग्णालयातील कक्षाला लागलेल्या आगीने दाखवले. त्यात 11 जण दगावले. ऑक्सिजनने भरलेल्या जागेत एक ठिणगीही पुरते.

कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, पाणबुड्यांना होणारा दाबविकार, मधुमेहाची न भरणारी निवडक जखम, अशा ठिकाणी हा धोका पत्करण्याजोगा आहे, कारण लाभ मोठा आहे. तारुण्य टिकवण्यासाठी किंवा ऑटिझम बरा करण्यासाठी मात्र नाही. ऑटिझमसाठी या उपचाराला मान्यता नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2013 मध्येच बजावले आहे. ज्या उपचाराचा लाभच सिद्ध नाही, त्याचा लहानसा धोकाही महागच पडतो. म्हणून कक्षात शिरण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: माझ्या आजारावर याचा पुरावा काय, आणि माझे कान, फुप्फुसे, साखर कोणी तपासली?