विश्लेषण : ताम्हिणीत जमीन घ्यायची, पण गाव माहीत आहे का?

पावसाळा सुरू झाला की ताम्हिणी घाटाची छायाचित्रे सर्वत्र फिरू लागतात आणि त्यापाठोपाठ ‘धबधब्याशेजारी फार्महाऊस प्लॉट’, ‘सातबारा नावावर’ अशा जाहिरातीही. पुणे-मुंबईतील नोकरदारांबरोबरच परदेशात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही त्यांचे ग्राहक असतात. मात्र जमिनीचा कायदा, पाऊस आणि गावचे व्यवहार समजून न घेता केलेली खरेदी आयुष्यभराची बचत अडकवू शकते.

ताम्हिणी नेमके कोठे आणि कसे आहे?

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकाला, सह्याद्रीच्या धारेवर हे गाव आहे. पौड, मुळशी जलाशय, ताम्हिणी आणि घाट उतरून रायगडमधील माणगाव असा हा रस्ता. येथील विंझाई देवी अनेक चांद्रसेनीय कायस्थ प्रभू कुटुंबांची कुलदेवता असल्याने बाहेरगावच्या लोकांची ये-जा जुनी आहे. भात हे मुख्य पीक, तर उतारावर नाचणी आणि वरई. परिसरातील जंगलाला २०१३मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे ५० चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य पुणे आणि रायगड या दोन्ही जिल्ह्यांत पसरले आहे.

कोणीही येथे शेतजमीन घेऊ शकतो का?

नाही. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८च्या कलम ६३नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. खरेदीदाराकडे शेतकरी असल्याचा पुरावा हवा. तो खोटा निघाला तर दस्त नोंदवूनही व्यवहार बेकायदा ठरू शकतो. ‘आधी पैसे द्या, दाखल्याचे आम्ही पाहतो’ असे मध्यस्थ म्हणाला तर तेथेच थांबणे बरे.

दुसरा अडसर तुकडेबंदीचा. ऑगस्ट २०२३मध्ये बहुतांश जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे ठरवण्यात आले. ‘पाच गुंठ्यांचा फार्महाऊस प्लॉट’ विकला जातो तेव्हा अनेकदा सातबाऱ्यावर दहा-पंधरा जणांची नावे सामाईक लागतात. आपला तुकडा नेमका कोणता, हे कागदावर कोठेच नसते. २०२५मध्ये या कायद्यात सवलत आली, पण तिचा रोख प्रामुख्याने शहरी हद्दी आणि निवासी क्षेत्रांवर आहे. डोंगरउतारावरील शेताला ती आपोआप लागू होते असे समजू नये.

परदेशातील मराठी कुटुंबांसाठी नियम काय?

परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील २०१९च्या नियमांनुसार अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक भारतात घर किंवा व्यापारी गाळा घेऊ शकतात. शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाऊस मात्र त्यांना विकत घेता येत नाही. वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते. ती विकायची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. म्हणजे नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या मराठी दाम्पत्याला पुण्यात सदनिका घेता येईल, ताम्हिणीत शेत नाही. भावाच्या किंवा मित्राच्या नावावर जमीन घेण्याचा मार्ग सुचवला जातो. त्यात मालकी कायद्याने त्या भावाची किंवा मित्राची होते आणि व्यवहार बेनामी ठरण्याचा धोका उरतोच.

नेदरलँड्समध्ये उलट परिस्थिती आहे का?

बऱ्याच अंशी, होय. तेथे घर घेण्यास नागरिकत्वाची अट नाही. करारावर सही झाल्यावर खरेदीदाराला फेरविचारासाठी तीन दिवस मिळतात आणि हस्तांतरण नोटरीमार्फतच होते. स्वतः राहण्यासाठी घेतलेल्या घरावर साधारण २ टक्के हस्तांतरण कर लागतो, तर गुंतवणुकीच्या घरावर त्याच्या कित्येक पट. कायदा सोपा असला तरी तेथेही जागेची ओळख लागतेच. ॲमस्टरडॅममध्ये अनेक घरांखालची जमीन महापालिकेची, भाडेपट्ट्यावर असते. देशाचा सुमारे चौथा हिस्सा समुद्रसपाटीखाली असल्याने पाण्याच्या नियोजनासाठी स्वतंत्र जलमंडळे आहेत आणि रहिवासी त्यांना वेगळा कर देतात. हे ठाऊक नसलेल्या नवख्याचे खर्चाचे गणित चुकते. आधी भाड्याने राहून परिसर पाहावा आणि मग घर घ्यावे, हा शहाणपणा दोन्हीकडे लागू पडतो.

पावसाचा प्रश्न किती गंभीर?

२५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणीत २४ तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. नेदरलँड्समध्ये वर्षभरात सरासरी साधारण ८५० मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच्या निम्म्याहून अधिक पाणी येथे एका दिवसात कोसळले. अशा पावसात दरडी येतात, घाटरस्ता बंद होतो, वीज जाते. डोंगर तोडून सपाट केलेल्या प्लॉटवर हा धोका वाढतो, कारण उताराचा आधार आणि पाण्याची नैसर्गिक वाट दोन्ही गेलेले असतात.

दुसरी बाजू उन्हाळ्याची. खडकाळ उतारावर पाणी थांबत नाही. त्यामुळे जुलैत धबधबा दिसणाऱ्या जागी एप्रिल-मेमध्ये पिण्याच्या पाण्याची वानवा असू शकते. जागा एकदा ऐन पावसात आणि एकदा मेअखेरीस पाहावी, असे म्हणतात ते यासाठीच.

कोणती कागदपत्रे तपासावीत?

सातबारा हा महसुली नोंदीचा उतारा आहे. केवळ त्यावरून मालकी सिद्ध होत नाही. त्यासोबत जुने फेरफार, आठ-अ, गटाचा नकाशा आणि शासकीय मोजणी पाहावी. जमीन भोगवटादार वर्ग-२ असेल तर हस्तांतरणास परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला देण्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ यांचे निर्बंध आहेत. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळ, बोजा किंवा खासगी वनाची नोंद असू शकते. अभयारण्याची हद्द आणि पश्चिम घाटाच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यातील गावांची यादी ताडून पाहावी. मुळशी तालुका पीएमआरडीएच्या क्षेत्रात येतो. त्यामुळे ‘ग्रामपंचायतीची एनओसी आहे’ एवढ्यावर बांधकाम सुरू करणे धोक्याचे. शेतापर्यंत जाणारा रस्ता नकाशावर आहे की केवळ वहिवाटीचा, हेही विचारावे. असे रस्त्याचे वाद तहसीलदारांपुढे वर्षानुवर्षे चालतात.

गावाची ओळख कशासाठी?

कारण मुळशीत जमिनीला इतिहास आहे. वीजनिर्मितीसाठी टाटांनी हाती घेतलेल्या धरणाविरुद्ध १९२१मध्ये येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले ते याच लढ्यातून. तरीही धरण झाले आणि भातखाचरे पाण्याखाली गेली. त्यामुळे ‘बाहेरचा माणूस जमीन घेतोय’ या वाक्याला या खोऱ्यात वेगळे वजन आहे. आज विक्री स्वखुशीने होते. पण पैसे संपल्यावर त्याच जमिनीवर राखणदार म्हणून उभे राहण्याची वेळ मूळ मालकावर येऊ शकते. बहिणींचे हिस्से न विचारता झालेली खरेदीखते पुढे दिवाणी न्यायालयात जातात, तेव्हा पैसे अडकतात ते खरेदीदाराचे आणि घर फुटते ते विक्रेत्याचे.

खरेदीआधी गावात मुक्काम करणे, सरपंच, तलाठी आणि शेजारच्या खातेदारांशी बोलणे, पाणवठा, गुरांची वाट आणि देवराई कोठे आहे ते समजून घेणे, याला खर्च फारसा नाही. सहहिस्सेदार कोण आणि बांधाचा वाद आहे का, हे शोध अहवालाआधी गावकरी सांगतात. शेतकरी असल्याचा दाखला नसलेल्यांसाठी आणि अनिवासींसाठी मार्ग तूर्त एकच. शेतजमिनीचा मोह सोडून रीतसर बिगरशेती झालेली, मंजूर आराखडा असलेली निवासी मिळकत शोधावी किंवा पाहुणे म्हणून यावे. विंझाईच्या दर्शनाला येणारी कुटुंबे एक गुंठाही न घेता हे नाते टिकवून आहेत.